मालमोटारीस जुना गार्ड बसवावा काय?

शेतकऱ्याच्या दाराशीं पूर्वीं गाडीबैल असत. आतां पुष्कळांच्या दाराशीं मालमोटार अथवा लहान पिकअप उभी असते. बैल घेतांना दांत पाहावे, गाडी घेतांना चाकाची धांव ठोकून पाहावी, जूं व इरस तपासून घ्यावें, हें शहाणपण आपल्या वाडवडिलांना होतें. मोटार घेतांना मात्र तें शहाणपण बहुतेक ठिकाणीं गहाण पडलेलें दिसतें. विशेषतः जुनी मोटार घ्यावयाची आणि लागलीच भंगारांतून एक जुना लोखंडी गार्ड आणून तिच्या तोंडावर चढवावयाचा, अशी जी चाल आमच्या भागांत पडली आहे, तिचा विचार कोणी केलेला आढळत नाहीं. सभासद बंधूंकडून या बाबतींत वारंवार विचारणा होते. सबब या प्रश्नाची एकदां नीट छाननी करावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम आमच्या गांवाविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. पळस्पे हें पनवेल तालुक्यांतील नाक्याचें गांव. मुंबईकडून येणारा रस्ता येथें दुभंगतो. एक फांटा बोरघाट चढून पुण्याकडे जातो. दुसरा कर्नाळ्याच्या खिंडींतून पेण, महाड करीत गोव्याकडे वळतो. पहिल्यास पूर्वीं राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणत, आतां ४८ म्हणतात. दुसरा पूर्वींचा १७ व हल्लींचा ६६. तो खालीं थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. न्हावाशेवा बंदर, कळंबोलीचा लोखंडबाजार व वाशीची बाजारसमिती हीं तिन्ही ठिकाणें या टापूंतच असल्यामुळें मालमोटारींची रीघ येथें रात्रंदिवस चालू असते. पनवेलचीं बैलगाडीचीं चाकें एके काळीं नांवाजलेलीं होतीं. आज त्याच पनवेलच्या आसपास मोटारींचे सुटे भाग, जुने-नवे, पाहिजे तितके मिळतात. जुना गार्ड मिळणेंही त्यामुळें फारसें अवघड नाहीं. अवघड आहे तो घेण्यापूर्वीं विचार करणें.

गार्ड म्हणजे मोटारीच्या पुढील बंपरापुढें, सांगाड्याच्या दोन टोकांस बोल्टांनीं अथवा जोडकाम करून बसविलेला लोखंडी पाइपांचा पिंजरा. कोणी यास क्रॅश गार्ड म्हणतात, कोणी बुल बार म्हणतात. याचें मूळ परदेशांतील ओसाड मुलखांत आहे. ऑस्ट्रेलियांत कोसच्या कोस वस्ती नसते व रात्रीं कांगारू रस्त्यावर उड्या घेतात. अमेरिकेंत झाडोऱ्यांतून, खुरट्या जंगलांतून मोटारी न्याव्या लागतात. फांदी लागून दिवा फुटूं नये, जनावर आदळून पाण्याची टांकी, म्हणजे रेडिएटर, फुटूं नये व माणूस ओसाडींत अडकून पडूं नये, एवढ्याकरितां ही युक्ति निघाली. ज्या मुलखांत मोटारीपुढें माणूस क्वचितच येतो, त्या मुलखांतील ही वस्तु आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आमच्याकडील शेतकरी गार्ड बसवितांना तीन कारणें सांगतात. पहिलें, शेताकडील वाटेनें करवंदीच्या जाळ्या व बांबूचीं बेटें अंगावर येतात. दुसरें, रस्त्यावर गुरें बसतात व कर्नाळ्याच्या बाजूस रानडुकरें आडवीं जातात. तिसरें, बाजारांत गाड्यांची दाटी असते. कोणी मागें घेतांना धक्का दिला तर दिवा फुटतो. हीं कारणें खोटीं आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. पायीं चालण्याच्या वेगानें घासाघाशी झाली तर गार्डामुळें दिवा वांचतो, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु जी वस्तु घ्यावयाची तिचा हिशेब केवळ जमेच्या बाजूनें करून चालत नाहीं. खर्चाची बाजूही मांडावी लागते.

खर्चाची पहिली बाब वजनाची. दोन इंची मध्यम जाडीचा लोखंडी पाइप मीटरला सुमारें ५ किलो भरतो. साधा गार्ड करावयाचा तरी ८ मीटर पाइप सहज लागतो. म्हणजे पट्ट्या व बोल्ट सोडून ४० किलो. हें वजन गाडीच्या मध्यावर पडत नसून अगदीं तोंडावर लोंबतें. समजा, पुढील व मागील आसांत ३.६ मीटर अंतर आहे व गार्ड पुढील आसाच्या १.२ मीटर पुढें आहे. तर तरफेच्या नियमानें पुढील आसावर ४० नव्हे, सुमारें ५३ किलो भार वाढतो व मागील आसावरील १३ किलो उचलला जातो. ज्यांनीं बैलगाडी हांकली आहे त्यांस हें समजावून सांगणें नको; गाडी धुरजड झाली म्हणजे बैलाच्या मानेवर काय येतें हें त्यांस ठाऊक आहे. मोटारीच्या मानेवर, म्हणजे पुढील टायर, स्प्रिंगा व सुकाणूच्या सांध्यांवर, हा भार रोजचा पडतो.

दुसरी बाब धक्क्याची. ही सर्वांत महत्त्वाची असून तिजविषयींच सर्वांत अधिक गैरसमज आहे. "लोखंड जितकें जाड तितका जीव सुरक्षित," असें लोक समजतात. वस्तुस्थिति उलट आहे. अडीच टन वजनाची भरलेली पिकअप ताशी ३६ किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळली व तिचें तोंड अर्धा मीटर चेपून ती थांबली, असें धरा. हिशेब केला तर तिजवर सरासरीनें सुमारें २५ टनांचा दाब येतो. तीच गाडी पाव मीटरांत थांबली तर दाब ५० टनांवर जातो. थांबण्याचें अंतर निम्में झालें कीं धक्का दुप्पट होतो. आणि वेग दुप्पट झाला कीं जिरवावयाची शक्ति चौपट होते. नव्या मोटारींचें तोंड चेपावें अशाच बेतानें कारखानदार तें घडवितो. तें चेपतें म्हणून आंतील माणूस वांचतो. उंचावरून उडी मारणारा गडी गुडघे वाकवून पेंढ्यावर पडतो, ताठ पायांनीं खडकावर पडत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. गार्ड हा मोटारीचे पाय ताठ करतो. धक्का चेपणाऱ्या भागास टाळून सरळ सांगाड्यास पोंचतो. सांगाडा वांकतो, आणि वांकलेला सांगाडा पुन्हां मूळ स्थितीस क्वचितच येतो. दिव्याची किंमत वांचविण्यासाठीं सांगाडा पणास लावणें हा व्यवहार शेतकऱ्याला शोभत नाहीं. शिवाय ज्या गाड्यांत हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅगा, असतात, त्या पिशव्या उघडण्याची वेळ धक्का कसा व किती येतो यावरून ठरते. पुढें परका पिंजरा असला तर ही वेळ चुकण्याची भीति असते.

तिसरी बाब जुन्या मालाची. गार्ड भंगारांत कां आला, हा प्रश्न घेणारा विचारीत नाहीं. पुष्कळदां तो अपघातांत सांपडलेल्या गाडीवरून उतरविलेला असतो, व वांकलेला पाइप तापवून सरळ केलेला असतो. नवा जाड रंग दिसला तर त्याखालीं काय आहे याची शंका अवश्य घ्यावी. पाइपाचीं तोंडें उघडीं असलीं तर आंत पावसाचें पाणी जाऊन गंज आंतून बाहेर खात येतो. वरून माल चांगला दिसतो व हातोडीनें ठोकल्यास खणखणीत आवाजाऐवजीं बद्द आवाज निघतो. जोडाच्या कडेला केसासारखी भेग असते. असा पिंजरा खराब रस्त्यानें खडखडत जातांना एखाद्या दिवशीं एका बाजूनें सुटतो आणि चाकाखालीं येतो. तशांत एका गाडीचा गार्ड दुसरीस बसत नाहीं. मग गॅरेजवाला सांगाड्याला नवीं भोंकें पाडतो किंवा पट्ट्या जोडतो. मालमोटारीच्या सांगाड्याच्या वरच्या-खालच्या कडांना भोंक पाडूं नये व तेथें जोडकाम करूं नये, अशी ताकीद कारखानदार देत असतात; कारण त्याच जागीं पुढें भेग सुरू होते.

याखेरीज लहान तोटे आहेत ते असे : पाइपाची सांवली दिव्याच्या झोतांत पडते, रेडिएटरकडे जाणारा वारा अडतो व घाट चढतांना इंजिन तापतें, नंबराची पाटी झांकली जाते. या प्रत्येकाची किंमत लहान वाटली तरी बेरीज लहान नाहीं.

आतां आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतों. वरील सर्व तोटे गाडीच्या धन्याचे आहेत व ते सोसावयास तो मुखत्यार आहे, असें कोणी म्हणेल. परंतु गार्डाच्या पुढें कोण असतें? साध्या मोटारीचा पत्रा माणसाला लागला तर तो थोडा तरी दबतो. लोखंडी पाइप दबत नाहीं. त्याचा सारा जोर पाइपाच्या अरुंद कडेनें मांडीवर, कमरेवर किंवा छातीवर बसतो. आणि मालमोटारीच्या गार्डाचा वरचा दांडा शाळकरी मुलाच्या डोक्याच्या उंचीस येतो. पळस्प्याच्या नाक्यावर रस्ता ओलांडणारे लोक कोण आहेत? डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली माळीण, दूध घालावयास निघालेला सायकलस्वार, शेतावर भाकरी नेणारी बाई, शाळेंतून परतणारीं पोरें. हीं माणसें परकीं नाहींत. हीं आमच्याच सभासदांच्या घरचीं आहेत. ओसाड मुलखांत जनावरांसाठीं निघालेला पिंजरा भरवस्तींतून फिरवावयाचा, म्हणजे आपल्याच आळींत पाजळलेली कोयती घेऊन धांवण्यासारखें आहे. युरोपीय संघानें २००५ सालीं असल्या पुढील गार्डांस नियम घालून, पायीं चालणाऱ्यांच्या दृष्टीनें कसोटीस उतरलेल्या गार्डांनाच मोकळीक ठेवली, त्याचें कारण हेंच.

आपल्याकडील कायदा काय म्हणतो, तेंही सांगणें आमचें कर्तव्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें, नोंदणीपत्रांत कारखानदाराच्या तपशिलाप्रमाणें जें नमूद आहे त्याहून वेगळा होईल असा फेरफार धन्यास मोटारींत करतां येत नाहीं. ७ डिसेंबर २०१७ रोजीं केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयानें सर्व राज्यांस पत्र पाठवून कळविलें कीं, बाहेरून बसविलेले क्रॅश गार्ड अथवा बुल बार हे या कलमाचें उल्लंघन असून पायीं चालणाऱ्यांस व आंत बसणाऱ्यांस धोक्याचे आहेत. त्यांवर कारवाई व्हावी. हें प्रकरण न्यायालयापर्यंतही गेलें. तथापि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कलम ५२ चा अर्थ सांगतांना कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करतां येत नाहीं असाच निर्णय दिला. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलें. त्याच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणें कायद्यानें न दिलेला फेरफार करणाऱ्या धन्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

फेरफार हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. सात-बारावर एक नोंद व शेतांत वहिवाट दुसरीच, अशी तफावत पडली म्हणजे पुढें काय अनर्थ ओढवतो, हें आम्हीं महसूल खात्याच्या नोकरींत उभा जन्म पाहिलें आहे. तंटा नसतो तोंवर तफावतीकडे कोणी पाहत नाहीं. तंटा उभा राहिला कीं प्रथम तीच पुढें येते. मोटारीचें नोंदणीपत्र हा तिचा सात-बारा समजावा. अपघात झाला, पंचनामा झाला, विम्याचा दावा लागला, कीं गाडीवर नोंदीबाहेरचा गार्ड होता ही गोष्ट कागदावर येते. विमा कंपनीस हरकत घेण्यास तें निमित्त पुरतें. आणि गार्डामुळेंच इजा वाढली असें ठरल्यास धन्याची बाजू किती दुबळी होते हें सांगणें नको. शिवाय माल वाहणाऱ्या गाडीस आठ वर्षांच्या वयापर्यंत दर दोन वर्षांनीं व त्यापुढें दरवर्षीं तपासणी करून योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. त्या तपासणीपुरता गार्ड उतरवावयाचा व मागाहून पुन्हां चढवावयाचा, असा प्रकार कांहीं ठिकाणीं चालतो. यास आम्ही सचोटीचा व्यवहार म्हणूं शकत नाहीं.

मग शेतकऱ्यानें काय करावें? आमच्या मतें पुढील गोष्टी कराव्या.

ज्यांच्या गाडीवर गार्ड आहे त्यांनीं तो उतरवावा. बोल्टांनीं बसविला असेल तर काम अर्ध्या दिवसाचें आहे. जोडकाम केलेलें असेल तर सांगाड्याजवळ गॅसची ज्योत लावूं देऊं नये. ग्राइंडरनें कापून उरलेला भाग घासून घ्यावा. नव्या गाड्यांत विजेचीं नाजूक यंत्रें असतात, म्हणून हात घालण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी. भोंकांच्या कडेला भेग गेली आहे काय तें उजेडांत पाहावें व जागा गंजरोधक रंगानें झांकावी. मूळ बंपर काढून टाकला असल्यास त्याच बनावटीचा बंपर आणून बसवावा. उतरविलेला गार्ड तुकडे करून लोखंडाच्या भावानें विकावा. गार्ड म्हणून विकल्यास दोन पैसे अधिक येतील, हें खरें. परंतु आपल्या दारचें संकट दुसऱ्याच्या गळ्यांत बांधून मिळालेले ते पैसे असतील.

जुनी मोटार घेणाऱ्यानें, तिच्यावर गार्ड असल्यास, सौदा करण्यापूर्वीं तो उतरवून दाखविण्याचा आग्रह धरावा. गार्डाच्या मागें पुष्कळ पाप झांकलेलें असतें. सांगाड्याचीं दोन्ही टोकें एका रेषेंत आहेत काय, रेडिएटरचा खालचा आधार सरळ आहे काय, पुढील चाकांचीं टायरें एकाच कडेनें झिजलीं आहेत काय, हें पाहावें. आमच्या परिचयाच्या एका सभासदानें असा आग्रह धरला, विकणारा "त्यांत काय पाहावयाचें आहे?" असें म्हणूं लागला, तेव्हां त्यांनीं सौदाच सोडून दिला. त्यांस पस्तावण्याची पाळी आली नाहीं. नोंदणीपत्र, योग्यतेचा दाखला, विमा, कर व कर्जाचा बोजा हीं पाहणें तर आहेच; जमीन घेतांना आपण बोजा पाहतों, तसाच येथेंही पाहावा.

ज्यास गार्डावर खर्च करावयाची हौसच आहे त्यानें तो पैसा कायद्यानें सांगितलेल्या गार्डांवर खर्च करावा. साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारींस दोन्ही बाजूंस व मागें खालच्या अंगाला संरक्षक दांडे असावे लागतात. कांहीं प्रकारच्या वाहनांस त्यांतून सूट आहे. सायकलस्वार मागील चाकाखालीं ओढला जाऊं नये, मागून येणारी लहान मोटार मालमोटारीच्या पोटाखालीं शिरूं नये, हा त्यांचा हेतु. आश्चर्य असें कीं, पुढील गार्ड ज्या हौसेनें बसविला जातो त्याच हौसेनें बाजूचा वांकलेला दांडा तसाच लोंबत ठेविला जातो! तो दांडा आधीं नीट करून घ्यावा. प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या, पुढें पांढऱ्या व मागें तांबड्या, स्वच्छ व शाबूत असाव्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसही मागें अशी पट्टी लावावी. रात्रीं रस्त्याच्या कडेला उभी असलेली काळी ट्रॉली हें मोठें संकट आहे.

राहिलीं तीं वर सांगितलेलीं तीन कारणें. जाळ्या व फांद्या पावसाळ्याच्या शेवटीं चार शेतकऱ्यांनीं मिळून एक दिवस कोयतीनें छाटल्या तर वर्षाची काळजी मिटते. वाट सर्वांची आहे, श्रमही सर्वांनीं करावे. रेडिएटरच्या जाळींत पेंढा व किडे अडकतात ते दर आठवड्यास काढावे. बाजारांतील दाटीसाठीं किन्नरास खालीं उतरवून गाडी मागें घ्यावी, यास खर्च नाहीं. रानांतील जनावरांसाठीं खिंडींतून रात्रीं वेग कमी ठेवावा व दिवे स्वच्छ पुसावे. वेग निम्मा केला तर धक्क्याची शक्ति चौथाईवर येते, इतका स्वस्त गार्ड कोणत्याही भंगारबाजारांत मिळणार नाहीं. आणि रस्त्यावर बसणारीं गुरें? तीं वाघांचीं नाहींत, आपलींच आहेत. भाताची कापणी झाली कीं गुरें मोकळीं सोडावयाचीं व मग तीं आडवीं येतात म्हणून मोटारीस पिंजरा लावावयाचा, हा विचित्र न्याय आहे. निदान महामार्गालगतच्या सभासदांनीं संध्याकाळीं गुरें बांधण्याचा नेम ठेवावा.

सारांश, जुना गार्ड स्वस्त मिळतो म्हणून तो घेण्याजोगा ठरत नाहीं. तो दिवा वांचवितो व सांगाडा मोडतो. गाडी वांचवूं पाहतो व माणूस मारतो. आणि वर कायद्याचा दोष पदरीं घालतो. येत्या हंगामाची मालवाहतूक सुरू होण्यापूर्वीं ज्यांच्या गाडीवर असा पिंजरा आहे त्यांनीं तो उतरवून घ्यावा, अशी आमची सर्व सभासद बंधूंस आग्रहाची विनंति आहे.